तिसऱ्यांदा बिघडलेला यूपीएस

सूर्याजीराव आंघोळ करून आले, तर कॉम्प्युटर बंद पडलेला. टेबलाखालचा यूपीएस टीं-टीं करून कधीच गप्प झाला होता आणि सकाळपासून टाइप केलेली वंशावळीची चार पानं गेली होती. मधूनमधून सेव्ह करणं हे त्यांच्या मते भित्र्या माणसाचं लक्षण होतं.

"महिन्यात तिसऱ्यांदा!" ते कडाडले. "बोलव त्या बॅटरीवाल्याला."

बायकोने, अनसूयाबाईंनी, मुकाट्याने फोन लावला. हा मेकॅनिक त्यांनीच कुठून तरी शोधून काढला होता.

संध्याकाळपर्यंत फाइल ग्वाल्हेरच्या खासगी बाजारातल्या छापखान्यात पोचवायची होती. आपले पूर्वज दख्खनेतून घोडदळाबरोबर ग्वाल्हेरला आले, हे सूर्याजीरावांना कुणी विचारलं नव्हतं, तरी ते सांगणार होते. स्वतः ते घोड्यावर कधी बसले नव्हते. स्कूटरवरून मात्र दोनदा पडले होते. पण रुबाब असा, की टेबलाखाली वाकून वायर बघणं म्हणजे घराण्याला बट्टा. तिथे झाडू घेऊन शिरायच्या त्या अनसूयाबाई. पंखे-दिवे घरच्या इन्व्हर्टरवर चालायचे, त्यामुळे लाइट खरंच गेली की नाही, याचाही साहेबांना पत्ता नसायचा.

वंशावळीत त्यांच्या नावाखालची जागा कोरी होती. एकुलत्या एका मुलीने, गरिमाने, चार वर्षांपूर्वी स्वतःच्या मर्जीने लग्न केलं. लग्नाचा फोटो पोस्टाने आला, तेव्हा पाकीट न उघडताच त्यांनी ते फाडलं. "त्या माणसाचं तोंड जन्मात बघणार नाही," असं सांगून टाकलं. सूर्याजीराव शब्दाचे पक्के होते. असं ते स्वतःच सांगत.

मेकॅनिक भर उन्हातून घामाघूम होऊन आला.

"चप्पल बाहर. और इधर-उधर हाथ मत लगाना."

"जी, अंकल."

तो टेबलाखाली शिरला. सूर्याजीराव त्याच्या पाठीकडे बघून बायकोला म्हणाले, "चार वायरी जोडता आल्या की स्वतःला इंजिनिअर समजतात. बाप पंक्चर काढत असेल याचा."

अनसूयाबाईंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला, तो जरा आपटलाच.

दोन मिनिटांत यूपीएसचा हिरवा दिवा लागला. "कनेक्शन ढीला था, अंकल. काम सेव करते रहिए."

"तू मत सिखा. कितना हुआ?"

"वारंटी में है."

"बघ, फुकट राबतो. म्हणजे मालच खोटा," सूर्याजीराव पुन्हा मराठीत म्हणाले आणि खुर्चीत बसले.

"आता सगळं ठीक आहे ना?" अनसूयाबाईंनी मेकॅनिकला विचारलं. दर वेळी त्या हेच विचारायच्या.

"जी, एकदम ठीक. आप फिकर मत कीजिए."

त्यांनी आतून स्टीलचा डबा आणला. सूर्याजीरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे काय आता?"

"अनारसे. अधिक महिना म्हणून केले. घरात खातंय कोण?"

"बॅटरीवाल्याला अनारसे!" सूर्याजीराव खो खो हसले. "मग चौरंगावर बसव की त्याला. ओवाळ!" आणि ते पूर्वजांकडे वळले.

अनसूयाबाई फाटकापर्यंत गेल्या. तिथे त्या पोराने वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

"मोजून तेहतीस आहेत, जावईबापू," पदराने डोळे पुसत त्या हळूच म्हणाल्या. "गरिमाला सांगा, नववा लागलाय, आता जड काही उचलू नकोस. सोमवारी मी पुन्हा यूपीएसचं बटण बंद करते."