कात्री

"चोरून खातात हो, दुसरं काय!" शिंपीकाकांच्या बायकोने डॉक्टरीणबाईंसमोर तक्रार ठोकली. साखरेच्या डब्याला कुलूप घातलं, किल्ली कमरेला लावली, तरी यांची रक्तातली साखर वर ती वरच. आता गोळ्यांनी भागणार नाही, इंजेक्शनच घ्यावं लागेल, असं बाई म्हणाल्या तेव्हा ती घाबरली होती, आणि त्या भीतीचा सगळा राग नवऱ्यावर निघाला.

काकांचं लक्ष बाईंच्या पांढऱ्या कोटाच्या लोंबणाऱ्या बटणाकडे. शिंपी माणूस, हात शिवशिवायचेच. कॉलरमागची दोरा ओवलेली सुई काढून त्यांनी बाईंना जरा उभं राहायला सांगितलं आणि कोट अंगावर असतानाच बटण लावायला घेतलं. बाईंना हसू आलं. बायकोने कपाळाला हात लावला. इथे जिवाशी गाठ आणि यांना बटणं सुचताहेत.

शेवटची गाठ मारून काका म्हणाले, "बाई, कात्री आहे का?"

"कात्री?" बायको चपापली. "अहो, जन्मभर दोरा दातांनी तोडलात ना तुम्ही?"

मग तिला एकेक आठवायला लागलं. पोळी नको, ब्रेड दे चहात बुडवून. सफरचंद नको, केळं कुस्कर. ती समजली होती, म्हातारपणाचे चोचले.

बाईंनी खिशातून टॉर्च काढला. काकांनी सवयीने जीभ बाहेर काढून आ केला. जीभ नको, दात दाखवा, म्हटल्यावर मात्र हात तोंडावर गेला. बायकोने तो हळूच बाजूला केला. हिरड्या लालभडक सुजलेल्या, एका दाढेपाशी पू.

बाईंचा चेहरा उतरला. डोळे, पाय, लघवी, सगळं या दवाखान्यात तपासायचे. दातांचा दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून इथे दातांचं कुणी नावच काढत नसे.

"हिरड्या अशा पिकल्या की साखरही हटून बसते, खाली येत नाही," त्या म्हणाल्या. "दर खेपेला टॉर्च मारून मी घसा बघत आले. दात वाटेतच होते."

इंजेक्शनचं तूर्त राहू दे, आधी दाढेचं बघू, असं त्यांनी ठरवलं. नर्सला सांगितलं, उद्यापासून बीपीचा पट्टा बांधण्याआधी प्रत्येकाचं तोंड उघडून बघायचं. नर्स मान हलवून कात्री शोधायला लागली.

"एवढं ठणकत होतं, तर बोलला का नाहीत?" बायकोने विचारलं.

"इथे साखरेचं विचारतात," काका म्हणाले. "घरी तूही तेच विचारतेस."

परक्यांसमोर आपण या माणसाला चोर म्हटलं, हे तिला टोचलं. नर्सला कात्री काही सापडेना, आणि बाई दोऱ्याला बांधल्यासारख्या तशाच उभ्या.

ती पुढे झाली, वाकली, आणि बटणाजवळचा दोरा तिने आपल्या दातांनी तोडला.