वडिलांची बाटली

मूल नाही म्हणून तापकिगेन या बाईने केनियातल्या नांदी लोकांच्या जुन्या रीतीप्रमाणे गाई देऊन चेलागतला बायको करून घरात आणलं. चेलागतला जेरोनो झाली आणि रीतीप्रमाणेच तापकिगेन, बाई असूनही, तिचा बाप झाली. पोरीचा जन्मदाता कोण, हे गावात कुणी कधी विचारलं नाही; बारा वर्षं पहाटे उठवून तिला डोंगरावर पळवणारी कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

जेरोनो शर्यती जिंकू लागली, तसे शहरातले संशोधक आले. वेग रक्तातून येतो की सरावातून, हे त्यांना बघायचं होतं. ते घरी बाटल्या देऊन गेले. आई, बाप आणि मुलगी, तिघींनी आपापल्या बाटलीत लाळ भरून पाठवली.

महिन्याने चिठ्ठी आली: ‘वडिलांच्या बाटलीत चुकून कुणा बाईची लाळ आली आहे. खऱ्या वडिलांना आमच्या केंद्रावर पाठवावे.’

चेलागतने मान खाली घातली. जेरोनो मात्र म्हणाली, “बाबा, तुला परत बोलावलंय गं.”

 

“एवढे शिकलेले, पण एकदा सांगून कळत नाही मेल्यांना,” म्हणत तापकिगेन दुखऱ्या गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि दुसरी बाटली भरायला निघाली.