हात न लावता

अनीशचा सगळा जीव त्या एका कपाटात होता. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी ध्रुवावर घातलेला फरचा कोट आणि रेनडिअरच्या कातड्याचे केसाळ बूट त्याने लिलावात घेतले होते. टेक्ससमधल्या प्लेनोच्या उकाड्यात त्यांच्यासाठी एसी अखंड चालायचा. बायकोला, आश्लेषाला, मात्र त्याने कधी साधं विचारलं नाही, की बाई, तू कशी आहेस?

डिव्होर्स झाल्यावर ती सामान न्यायला आली, तेव्हा तो दारातच आडवा उभा राहिला.

"तुझं असेल ते घेऊन जा. माझ्या कलेक्शनला हात लावायचा नाही."

"नाही लावत."

"आणि तो तुझा डांबराच्या गोळ्यांचा घाणेरडा वास, तोही ने यार. उद्या इशिता राहायला येतेय, तिला मळमळतं त्याने."

दिवाळीच्या तोंडावर त्याचा फोन आला, आवाज रडवेला.

"कोटाचे पुंजकेच्या पुंजके गळतायत! बुटांची चाळण झालीय! सगळ्याला कसर लागलीय. काय केलंस तू?"

"हात नाही लावला, शप्पथ," आश्लेषा गोड आवाजात म्हणाली. "तू म्हणालास ना, तो वास तेवढा घेऊन आले. कपाटातली एकेक गोळी वेचून."