दुसरी मूठ

मशीन सुरू झालं तेव्हा रस्त्यावरच्या सगळ्यांनी आधी वर पाहिलं. ओझरच्या कारखान्याचं विमान एवढं खाली आलं की काय! मग लक्षात आलं, हा गडगडाट मल्हारीच्या हातातून येतोय.

पेट्रोलवर चालणारी करवत होती ती. गोटीराम ठेकेदारानं मुंबईहून आणलेली, या रस्त्यावर पहिलीच. रस्ता रुंद करायचा होता आणि दहाव्या मैलापुढची बारा चिंचेची झाडं महिनाभरात आडवी व्हायला हवी होती. काल दिवसभर त्यानं मल्हारीला मशीन शिकवलं आणि संध्याकाळी जाहीर करून टाकलं, "दोघांचं काम आता एकटा करंल. बाईनं उद्यापासून घरी बसलं तरी चालंल."

बाई म्हणजे धोंडाबाई, मल्हारीची बायको. वीस वर्षं दोघांनी एकच करवत ओढली होती. एक मूठ त्याच्या हातात, दुसरी हिच्या. त्या करवतीचा कायदाही एकच होता : आपण ओढायचं, आणि समोरून ओढ आली की हात सैल सोडायचे. ढकलायचं कधीच नाही. ढकललं की पातंही वाकतं आणि संसारही, असं धोंडाबाई म्हणायची.

ती काही घरी बसली नव्हती. सकाळी ती आली तीच बैलाचा कासरा खांद्यावर टाकून. त्याचं एक टोक तिनं मल्हारीच्या कमरेला मागच्या बाजूनं बांधलं, दुसरं स्वतःच्या हातात धरलं. मग खोडाच्या कडेला उभी राहून मोकळ्या हाताचा तळवा सालीवर टेकवला.

"बैल हाय का तो?" गोटीराम हसला होता.

"असू द्या, शेठ. झाड फाटायच्या आधी कुरकुरतं. ह्या मशीनच्या दणक्यात ह्यांना ते ऐकू यायचं नाय. माझी हाक बी यायची नाय."

"अगं, कुरकुरायला सवड कुठं मिळणार त्याला!"

त्याचं काही चुकत नव्हतं. ज्या खोडापायी दोघांचा अर्धा दिवस गेला असता, त्यात पातं बघता बघता वीतभर शिरलं. चिंचेचं लाकूड ते, भल्याभल्या कुऱ्हाडींची धार घालवणारं. आज त्याचा भुसा गिरणीतल्या पिठासारखा भुरभुरत होता आणि मल्हारीचे पाय त्यात बुडत चालले होते. मनमाडकडे निघालेली एसटी थांबली. ड्रायव्हर खाली उतरला, त्याच्यामागून कंडक्टर, आणि मग अर्धी गाडी. सगळे तोंडात बोट घालून बघत होते. दोन्ही हात गुंतलेले नसते तर धोंडाबाईनंही तोंडात बोट घातलं असतं. हे मशीन तिचं काम खायला आलं होतं, तिला राग यायला हवा होता. पण नवलच एवढं वाटत होतं की रागाला जागा उरली नाही.

मल्हारीच्या अंगाला मात्र अजून नवी विद्या उमगलेली नव्हती. थोडं कापलं की त्याचे हात आपोआप सैल पडायचे. समोरून ओढ येईल म्हणून तो क्षणभर थांबायचा आणि मशीन घुरघुरत राहायचं.

"दाबून धर!" गोटीराम कावला. "समोर कोण नाय तुझ्या!"

मल्हारीला ते ऐकू गेलं नाही. धोंडाबाईला गेलं.

तळवा तिनं आणखी दाबून धरला. मशीनची थरथर एकसारखी होती, हाडापर्यंत पोचणारी. त्या थरथरीच्या खाली अचानक दुसरंच काही हललं आणि तिच्या तळव्याखालून सरळ वर धावत गेलं. तिनं अंगातलं सगळं बळ लावून कासरा ओढला.

मल्हारीनं वळून पाहिलं नाही, काय झालं विचारलंही नाही. ओढ आली आणि त्याचे हात सुटले. तो तोल जाऊन कडेला, तिच्या पायाशी पडला.

त्याच क्षणी खोड उभं चिरलं. शेताकडे झाड झुकलं आणि खोडाचा मागचा अर्धा भाग वाऱ्यानं दार आपटावं तसा मागं उसळला. मल्हारीची छाती होती त्या जागेवरून तो गेला. मशीन भुशात फेकलं गेलं आणि बंद पडलं. मग सगळं झाड शेतात कोसळलं, जमीन हादरली, आणि एवढी शांतता झाली की पिकल्या चिंचा टपटप पडताना ऐकू येऊ लागल्या.

गोटीराम हळूहळू त्या चिरफळीपाशी गेला. ती अजून थरथरत होती. तिचं टोक त्याच्या सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीला येत होतं.

"तुला कळलं कसं?" त्यानं विचारलं.

"हाताला कळलं," धोंडाबाई म्हणाली.

मल्हारी तांब्याभर पाणी प्याला. मशीन उचलून त्यानं पुसलं, हलवून पाहिलं. धडधाकट होतं. ते घेऊन तो दुसऱ्या झाडापाशी गेला आणि नुसताच उभा राहिला. एसटी अजून हलली नव्हती.

"कर की सुरू," गोटीराम म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "कशाची वाट बघतोय?"

"थांबा की, शेठ. समोरची मूठ धरायचीय अजून."

गोटीरामानं इकडंतिकडं पाहिलं. कासरा मल्हारीच्या कमरेपासून लांबवर भुशात लोळत आला होता. तो वाकला, त्यानं टोक उचललं, धोतरावर झटकलं, आणि दोन्ही हातांनी धोंडाबाईच्या पुढं धरलं.