बरी आहे तुझी आई

“मला मुलगा नाही,” म्हातारी म्हणाली. “कधी नव्हताच.”

दुभाष्यानं ते इंग्रजीत सांगितलं. नाडी बघायला धरलेलं म्हातारीचं मनगट डॉ. शुभाच्या हातात तसंच राहिलं. फोटोत पाहिलेला चेहरा हाच होता. ही इद्रिसची आई होती, यात शंका नव्हती.

दवाखाना नवाकोरा होता. भिंतींना अजून रंगाचा वास येत होता. वर्षभरापूर्वी त्या डोंगराळ प्रांतातल्या मुसलमान वस्त्यांमधून मोर्चे निघाले, गोळीबार झाला, रातोरात माणसं उचलली गेली, अशा बातम्या जगभर पसरल्या होत्या. तसं काही नाही हे दाखवायला तिथल्या सरकारनं परदेशी डॉक्टरांचं पथक पाहणीसाठी बोलावलं होतं. वेस्ट विंडसरहून शुभा गेली. न्यू जर्सीत आयुष्यभर मुलांची डॉक्टर म्हणून काम करून ती नुकतीच रिटायर झाली होती. पथकाला काय दाखवायचं आणि कुणाशी बोलू द्यायचं, ते सरकारी अधिकारी ठरवत होते.

तपासताना आधी म्हातारीनंच विचारलं होतं, “तुम्ही कुठल्या?”

“अमेरिकेतली. न्यू जर्सी.”

म्हातारीनं तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग शुभानं, कुणालाही विचारावं तसं, विचारलं, “मुलंबाळं किती तुम्हाला?” त्यावर ते उत्तर आलं. बोलताना म्हातारीनं दुसऱ्या हातानं शुभाचा हात घट्ट दाबून धरला होता. अधिकारी हसला, म्हणाला, “वय झालंय.” आणि त्यानं पुढच्या पेशंटला बोलावलं.

इद्रिस हा शुभाच्या मुलाचा, शंतनूचा, ऑफिसातला मित्र. दोन घरं सोडून राहायचा. शंतनूच्या बाकीच्या मित्रांचं ऐकून तोही तिला काकू म्हणायला लागला होता. न्यू जर्सीला जातो, एवढं आईला सांगून त्यानं देश सोडला होता; तेव्हापासून घरी फोन केला नव्हता. अमेरिकेतून फोन आला की त्या घरी पोलीस जातात, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. शुभा निघाली तेव्हा त्यानं आईचा फोटो दाखवला आणि एवढंच मागितलं, “आमच्या गावात नेलं तर ती आहे की नाही ते बघून या, काकू. माझं नाव मात्र काढू नका.”

शुभा परत आली तेव्हा तो ड्राइव्हवेमध्येच उभा होता. सुमंत, तिचा नवरा, डिकीतून बॅगा काढत होता.

“भेटली?” इद्रिसनं विचारलं.

“भेटली. बरी आहे तुझी आई. बीपी नॉर्मल आहे.”

“काही बोलली?”

त्याच्या तोंडाकडे बघून शुभाला खरं सांगवेना. जन्मदात्रीनं तुला नाकारलं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

“तुझी आठवण काढली,” ती म्हणाली. “माझा मुलगा अमेरिकेत असतो, म्हणाली.”

“सगळ्यांसमोर?”

“हो. सगळ्यांसमोर.”

इद्रिस तिथंच पायरीवर बसला. तो रडत होता आणि हसतही होता. “म्हणजे खरंच बदललंय तिकडे,” तो म्हणाला.

तो गेल्यावर सुमंतनं भेटीबद्दल विचारलं. शुभानं खरं काय घडलं ते सांगितलं.

“मग त्याला असं का सांगितलंस? ही कॅन टेक इट, शुभा. लहान आहे का तो?”

“आई आहे ती त्याची. मला नाही सांगवलं.”

“उद्या सांगून टाक.”

उद्या सांगू असं तिनंही ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी इद्रिस त्याच्या अंगणात शीळ घालत गवत कापताना दिसला. इतक्या वर्षांत त्याची शीळ तिनं ऐकली नव्हती. ती घरात परत आली. मग पथकाचा रिपोर्ट लिहायचा होता. दवाखाना सुसज्ज आहे, असं तिनं लिहिलं. ते खोटं नव्हतं.

रविवारी इद्रिस आला. दाढी वाढलेली होती. खुर्ची पुढे केली तरी तो बसला नाही.

“मी घरी फोन केला, काकू.”

“मग?”

“आईनंच उचलला. माझा आवाज ऐकला आणि एक शब्द न बोलता ठेवला. मला वाटलं, लाइन तुटली. मी परत लावला. या वेळी कुणीतरी पुरुष होता. माझं नाव विचारलं, पत्ता विचारला. आता नंबर बंद आहे. कालपासून लावतोय.” त्यानं मान वर केली. “ती तुमच्यापाशी नक्की काय बोलली?”

शुभानं सांगितलं. या वेळी काही गाळलं नाही, काही घातलं नाही. न्यू जर्सी म्हटल्यावर म्हातारीनं कसं पाहिलं, तेही सांगितलं. हात दाबला होता, तेही. “तुला वाईट वाटेल म्हणून रे... तिनं तुला नाकारलं, हे माझ्यानं सांगवेना.”

इद्रिस रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, असं शुभाला वाटलं.

“तुम्ही मुलंबाळं किती विचारलंत,” तो सावकाश म्हणाला. “मला दोन बहिणी आहेत. तिथंच असतात, तिच्याजवळ. त्यांच्याबद्दल ती काहीच बोलली नाही?”

“नाही.”

“मुलगा नाही, एवढंच म्हणाली. तेही तुम्ही न्यू जर्सीच्या म्हटल्यावर.”

शुभानं मान हलवली. तिला कळायला लागलं होतं आणि कळू नये असं वाटत होतं.

“तिनं मला नाकारलं नव्हतं, काकू,” इद्रिस म्हणाला. “एवढ्यात फोन करू नकोस, असा निरोप तिनं तुमच्यापाशी दिला होता.”