विभूतीच्या डबीमागे

शिवपूजेला बसलेल्या सांबप्पाला घरात कुणी हाक मारत नसे, म्हणून एचआयव्हीची गोळी तो तेव्हाच घेई. बाटली विभूतीच्या डबीमागे दडवलेली असे. "बायकोची तपासणी कधी करताय?" असं दवाखान्यातल्या बाई दोन वर्षं विचारत होत्या, आणि तो दर वेळी पुढची तारीख सांगून निसटत होता.

दर सहा महिन्यांनी जायची तशी नागुबाई आज पाथरीला माहेरी निघाली. उंबऱ्यातच तिची पिशवी धरून तो कसाबसा म्हणाला, "नागू, तुजं रगत तपासायला पायजे. मला..."



"त्यालाच तर निघाले," पिशवी सोडवून घेत ती म्हणाली. "माहेराचं नुसतं नाव. तीनदा तपासलं, कायबी निघालं न्हाई. तुमी तेवढी गोळी चुकवू नका."