अबू सालेमची काडतुसं

अबू सालेमची नवी रायफल चांगली दणकट, पण एका वेळी एकच गोळी घेणारी. आठ दिवसांनी त्याला आफ्रिकेत रानरेड्याच्या शिकारीला जायचं होतं. पहिली गोळी चुकली तर रेडा दुसरी भरायला थांबणार नव्हता. आणि नेम काही केल्या बसत नव्हता.

कुवेतमधल्या फहाहीलचे राजाभाऊ तेल कंपनीच्या प्रयोगशाळेतले केमिस्ट, म्हणून काडतुसं भरायचं काम या कुवेती मित्राने त्यांच्यावर सोपवलं होतं. त्यांनी बारूद चिमटीचिमटीने कमीजास्त करून पाहिली, मग गोळीचं वजन बदललं, मग बारूदच दुसरी घेतली. सगळं वहीत टिपलं. तरी गोळ्या निशाणाभोवती पसरायच्याच.

"राजा, तुझी बारूदच खराब आहे," नेमबाजीच्या रेंजवर अबू सालेम कुरकुरला.

राजाभाऊंनी पुढचं काडतूस दिलं. अबू सालेमने नेम धरून चाप ओढला. नुसतं खट् झालं, बार उडालाच नाही. तरी धक्क्याच्या धास्तीने त्याचे डोळे गच्च मिटले होते आणि नळी वीतभर खाली गेली होती.

"हे रिकामं होतं," राजाभाऊ म्हणाले.

अबू सालेम ओशाळून हसला. "मग हे पहिल्याच दिवशी का नाही केलंस?"

"मी एका वेळी एकच गोष्ट तपासतो. आज तुमची पाळी आली."